ओठांवरून वाचलेलं

२२ फेब्रुवारी २०२१, सोमवार
नगरपंचायतीच्या दारावर परत नोटीस लागली. मास्कशिवाय आत येऊ नये. गेल्या वर्षीचीच नोटीस, तारीख तेवढी नवी. दिवाळीनंतर सगळ्यांचे मास्क खिशात गेले होते, आता परत तोंडावर.

संध्याकाळी प्रज्ञाचा नांदेडहून व्हिडिओ कॉल. साध्या फोनवर मला काही कळत नाही, पोरीला माहीत आहे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरींनाही कोविड वॉर्डात ड्युटी लावली. होस्टेलच्या खोलीत मास्क काढून बोलत होती, नाकावर आणि गालांवर वळ उठलेले. म्हणाली, मम्मी, तिकडच्या लोकांना मास्क लावायला सांग, इथं खाटा भरून राहिल्या. म्हटलं, लावतात बाई सगळे. खोटं बोलले.

२४ फेब्रुवारी, बुधवार
दाखल्याच्या खिडकीवर आज रांग. सगळे मास्कवाले. एकाचंही बोलणं कळलं नाही. टायफॉइडच्या वेळची इंजेक्शनं अंगावर आली आणि कान गेले, त्याला आता सोळा वर्षं. तेव्हापासून ओठ बघून काम चालवलं. उजव्या कानात मशीन आहे, ते नुसता आवाज आणून टाकतं, शब्द वेगळे करत नाही. त्यातून मास्कची दोरी नि मशीन एकाच कानावर. मास्क काढायला गेलं की मशीन हातात येतं.

एका म्हाताऱ्यानं तीनदा काहीतरी सांगितलं. मी कागद पुढं केला, लिहा म्हटलं. त्यानं मान हलवली, लिहिता येत नव्हतं. शेवटी त्यानं मास्क खाली ओढला. जन्माचा दाखला, नातीचा. तेवढ्यात शिपाई आला नि त्याच्यावरच ओरडला. म्हातारा मुकाट बाहेर गेला. मी उठून त्याच्या मागं गेले, दाखला झाडाखाली दिला.

३ मार्च, बुधवार
सीओ साहेबांना भेटले. म्हणजे आमचे मुख्याधिकारी. तिकडचे आहेत, सातारा-कराडकडचे, वयानं माझ्यापेक्षा लहान. माणूस वाईट नाही. त्यांना लिहून दिलं, की माझ्या खिडकीला काच बसवा, काचेपलीकडच्या माणसाला मास्क खाली करू द्या, मी माझा लावून बसते. त्यांनी वाचलं आणि त्याच कागदावर खाली लिहिलं: नियम सर्वांना सारखा आहे, एकीला सूट दिली तर उद्या दहाजण मागतील.

त्याच वेळी अण्णा आत आले. सुलभाताई आमच्या अध्यक्षा, अण्णा त्यांचे यजमान. सही ताईंची, बाकी सगळं अण्णांचं. अण्णांच्या तोंडावर मास्क नाही. गेल्या मार्चपासून कधीच नव्हता. त्यांच्या पक्षाचं म्हणणं, मुंबईतल्या सरकारला सणवार आणि सभा बंद पाडायच्यात म्हणून हे मास्कचं काढलंय. अण्णा खुर्चीवर टेकून म्हणाले, "काय कांबळे मॅडम, बरं हाय ना?"

हाव म्हटलं, बरं आहे.

घरी येऊन गौतमला सांगितलं, आख्ख्या ऑफिसात मला एकट्या अण्णांचं बोलणं स्पष्ट कळतं. तो हसला. मग हसू थांबवून म्हणाला, हे हसण्यासारखं न्हाई, शैला.

१६ मार्च, मंगळवार
मास्क पथकाची ऑर्डर निघाली. त्यात माझं नाव! दोनदा वाचलं. बहिऱ्या बाईला बाजारात उभं करून काय करणार? सीओंकडे गेले. त्यांनी लिहिलं, पथकात महिला कर्मचारी आवश्यक आहे. ऑफिसात बायका चौघी आहोत. तिघींचे कान चांगले आहेत. हे मी लिहिलं नाही.

२० मार्च, शनिवार
पथकात आम्ही दोघंच, मी आणि पोलीस ठाण्याचे शेख हवालदार. शेखभाई रिटायर व्हायला आलेत. पहिल्या दिवशीच त्यांनी हातवारे ठरवून टाकले. मिशीवरून बोट फिरवलं की दुकानदार, डोक्यावर हात ठेवला की पुढारी, पुढाऱ्याला नुसता नमस्कार करून पुढं जायचं. मी म्हटलं, पुढाऱ्यालाही सांगायचं.

काम जमतं आहे. ज्याच्या तोंडावर मास्क नाही त्यालाच थांबवायचं असतं, आणि त्याचंच बोलणं मला कळतं. पुटपुटलेल्या शिव्यासुद्धा. आज एका खतवाल्यानं तोंड फिरवून जे म्हटलं ते त्याच्या दुकानाच्या आरशात दिसलं. मी त्याला म्हटलं, माझी आई वारली आहे, तिला कशाला मध्ये आणता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मास्क मात्र लावला बिचाऱ्यानं.

देवणीहून बैल घेऊन आलेले लोक तिठ्यावर बसले होते, गमछे बांधलेले. गमछा चालतो का म्हणून त्यांनी खुणेनं विचारलं. चालतो म्हटलं. आदेशात लिहिलं आहे की नाही देव जाणे.

२५ मार्च, गुरुवार
अण्णांचा वाढदिवस. मंगल कार्यालय, मंडप, जेवणं. आदल्या दिवशीच सीओंनी तोंडी सांगितलं होतं म्हणे, पथकानं आज बसस्टँडकडं फिरावं. मला तोंडी सांगितलेलं कळत नाही. लेखी काही नव्हतं. मी शेखभाईंना मंगल कार्यालयाकडंच चला म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी तरी निघाले, तेही आले मागं.

आत एवढी माणसं की पंक्तीत पाय ठेवायला जागा नव्हती. मास्क शोधून सापडला नसता. स्टेजवर सुलभाताईंनी तेवढा लावला होता, साडीच्या रंगाचा. फोटोवाला आला तेव्हा अण्णा त्यांच्याकडं वळून म्हणाले, "काढ ते, आजाऱ्यावानी दिसतंय." ताईंनी काढून मुठीत धरला.

मी मोबाइलवर फोटो घेतले. लपवून नाही घेतले, दारात उभं राहून घेतले. अण्णांनी बघितलं. हात जोडून हसले आणि म्हणाले, जेवून जा मॅडम.

आम्ही जेवलो नाही. शेखभाईंना भूक लागली होती, त्यांचं तोंड मास्कमध्येही उतरलेलं दिसत होतं.

२६ मार्च, शुक्रवार
रिपोर्ट लिहिला. दिनांक, ठिकाण, आयोजक, मास्क नाहीत, अंतर नाही, फोटो सोबत. सीओंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पहिलं पान वाचलं, डोळे मिटले, उघडले, आणि रिपोर्ट ट्रेमध्ये उलटा ठेवला. काही बोलले असतील तर मास्कच्या आत.

६ एप्रिल, मंगळवार
लिहावं की नाही कळत नाही. पण कुठंतरी लिहून ठेवलंच पाहिजे.

दुपारी सभागृहात रजिस्टर घेऊन बसले होते. समोर सीओंची केबिन, मध्ये काच. दार बंद. आत सीओ आणि अण्णा. अण्णांचं तोंड माझ्याकडं, मास्क नाही. सीओंचं अर्धं तोंड माझ्याकडं, मास्क आहे. मी मुद्दाम बघत नव्हते. पण सोळा वर्षांची सवय आहे, समोर ओठ हलले की डोळा जातो.

अण्णा म्हणाले, "चौदा एप्रिलला चौकात तिलाच उभी करा. त्यांच्यातलीच बाई हाय. तिनं अडवलं म्हंजे आपल्याला कोन बोलंल?"

मग सीओ काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. मास्क हलताना दिसला.

मग अण्णा म्हणाले, "तेच्यासाठीच घेतलं ना तिला पथकात."

रजिस्टर बंद केलं. खाली जाऊन पाणी प्यायले. माठातलं पाणी संपत आलं होतं, पेल्यात गाळ आला.

७ एप्रिल, बुधवार
गौतमला सांगितलं. तो एसटीत कंडक्टर, निलंगा-उदगीर गाडीवर. दिवसभर लोकांना मास्क लावा म्हणून घसा कोरडा करून येतो. ऐकून चप्पल पायातच राहिली त्याची. म्हणाला, रजा टाक. तेरा आणि चौदाची. डॉक्टरचा कागद मी आणतो.

मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाला उभं करतील. नि ते पोरांना दांडक्यानं हाणतील.

हाणू दे म्हणाला नाही. कान असताना मला त्याच्या मिशा फार आवडायच्या. कान गेले तेव्हा त्यानं न सांगता काढून टाकल्या, ओठ दिसावेत म्हणून. आज त्याच्या तोंडाकडं बघत बसले. ओठ हललेच नाहीत.

९ एप्रिल, शुक्रवार
मिलिंदभाऊला सांगितलं. गौतमचा चुलतभाऊ, जयंती मंडळाचा अध्यक्ष. मंडळानं आधीच ठरवलं होतं की यंदा मिरवणूक नाही, पाच-पाच माणसांनी पुतळ्याला हार घालायचा आणि घरी जायचं. वरून आलेल्या सूचनांमध्ये तेच आहे. मिलिंदभाऊनं पोरांची समजूत काढता काढता महिना घालवला होता.

माझं ऐकून तो उभाच राहिला. मास्क खाली करून सावकाश बोलला, मला कळावं म्हणून. "वैनी, आता मी पोरांना काय म्हणून थांबवू? त्येच्या वाढदिवसाला आख्खं गाव जेवलं."

म्हटलं, पोरांना हे सांगू नका. म्हणाला, सांगणार न्हाई.

त्याच्या आईला दमा आहे. आतल्या खोलीतून डोकावली नि हातानंच मला बस म्हणाली. मी उंबऱ्याच्या आत गेले नाही.

१२ एप्रिल, सोमवार
सगळ्या वस्तीला माहीत झालं आहे. नळावर बायका माझ्याकडं बघतात. मास्क आहेत, काय बोलतात कळत नाही. मिलिंदभाऊ शपथ घेऊन सांगतो, मी न्हाई बोललो. मग गौतम? विचारलं नाही. मीच चूक केली का सांगून?

प्रज्ञाला काही कळू दिलं नाही. तिची ड्युटी वाढली आहे. कॉलवर बोलता बोलता झोप लागली तिला. मी पडद्यावर तिचा झोपलेला चेहरा बघत बसले, मग बंद केला.

१४ एप्रिल, बुधवार
सकाळपासून चौकात. अंगावर पथकाचं जाकीट. मी स्वतः आधी हार घातला, जाकीट काढून, मग परत घालून उभी राहिले. सकाळी सगळं नीट. पाच-पाच जण आले, पांढरे कपडे, मास्क, वंदन, मागं फिरले. म्हाताऱ्या बायकांनीही रांग मोडली नाही. शेखभाईंनीही हात जोडले.

साडेदहाच्या पुढं तरुण पोरं आली. हलगी घेऊन. पन्नासेक असतील. एकाच्याही तोंडावर मास्क नाही. मुद्दाम नाही. मिलिंदभाऊ मागून धावत येत होता. पोलीस गाडीतून दोघे उतरले, हातात काठ्या.

मी पोरांच्या नि काठ्यांच्या मध्ये गेले. शूर म्हणून नाही, दोन्हीकडचं दिसत राहावं म्हणून मला मध्येच उभं राहावं लागतं. मशीनमध्ये नुसता गोंगाट. मी मशीन काढून पर्समध्ये टाकलं. एकदम शांत. मग फक्त तोंडं.

पुढचा पोरगा आमच्याच गल्लीतला, आयटीआय झालेला. त्याचं सगळं कळलं. "आमाला अडवायला तुमाला ठिवलंय, मावशी. अण्णाच्या दारात जाऊन अडवा की."

मी म्हटलं, "गेले होते. फोटो काढले, रिपोर्ट लिहिला. तो दाबला."

"मग काय उपेग?"

"तुम्ही आत्ता मास्क लावा. पाच-पाच जण या. मी तो रिपोर्ट आज वर पाठवते. इथंच, तुमच्यासमोर."

माझा आवाज किती मोठा होता मला कळत नाही. गौतम म्हणतो, मी चिडले की ओरडते. चौकभर ऐकू गेलं असणार.

पोरगा मिलिंदभाऊकडं बघायला लागला. मिलिंदभाऊनं खिशातून मास्कांचा गठ्ठा काढला, वस्तीतल्या बायकांनी शिवलेले, निळे. आधी स्वतःच्या तोंडावरचा नीट केला. मग एकेकाच्या हातात दिला. काहींनी लावले, काहींनी गळ्यात अडकवले. दोघं-तिघं तसेच निघून गेले. हलगी बंद झाली हे मला वाजवणाऱ्याच्या हातावरून कळलं.

मी कट्ट्यावर बसून मोबाइलवरून रिपोर्ट पाठवला. तहसीलला, आणि वर लातूरला जिल्ह्याच्या ऑफिसला. फोटो जोडले. शेवटी चार ओळी आणखी टाकल्या. सहा एप्रिलला केबिनमध्ये अण्णा काय बोलले, ते जसंच्या तसं. पाठवलं नि मग पर्समधून मशीन काढून परत कानात घातलं.

१५ एप्रिल, गुरुवार
शेखभाईंनी चहाच्या टपरीमागं नेलं, मास्क खाली केला. म्हणाले, "फोटू भेजे सो अच्छा किया. पर वो चार लाइनां क्यों लिखे मॅडम? फोटू को कोई झूट नै बोल सकता. उस बात कू गवाह कौन?"

बरोबर आहे त्यांचं. पण फोटोत फक्त मास्क नसणं दिसतं. मला कशासाठी उभं केलं ते फोटोत कुठं दिसतं?

१९ एप्रिल, सोमवार
मला पथकातून काढलं. ऑर्डरमध्ये कारण: श्रवणदोष असल्याने क्षेत्रीय कामास अयोग्य. मार्चमध्ये हाच श्रवणदोष कुणाला दिसला नव्हता. सोबत नोटीस. वरिष्ठांना परस्पर पत्रव्यवहार केल्याबद्दल खुलासा सादर करावा.

नोटिसीवर सही सीओंची, ऑर्डरवर सुलभाताईंची. गोल, शाळकरी सही.

३० एप्रिल, शुक्रवार
गावात रोज कुणीतरी. आज आमच्या गल्लीच्या टोकाचे मास्तर. स्मशानाकडं जाणारी गाडी दारावरून जाते, मला ऐकू येत नाही, पण खिडकीची काच थरथरते. मिलिंदभाऊची आई दवाखान्यात होती, परवा घरी आली. वाचली.

वस्तीत काहीजण म्हणतात शैलानं जयंती थांबवली. काहीजण म्हणतात शैलामुळं वस्ती वाचली. दोन्ही खोटं. थांबवायचं आधीच ठरलं होतं. आणि कोण कशानं वाचलं ते कुणी सांगावं.

११ मे, मंगळवार
सुलभाताई लातूरला ॲडमिट. अण्णा तिथंच बसून आहेत. शिपायानं लिहून दाखवलं: खाट मिळत नव्हती, अण्णा चार दवाखाने फिरले, एका वॉचमनच्या पाया पडले.

हे वाचून मला बरं वाटलं नाही. वाईटही लगेच वाटलं नाही. थोड्या वेळानं वाटलं.

२७ मे, गुरुवार
ताई घरी आल्या. अण्णा आज ऑफिसात आले, तब्येत उतरलेली, दाढी वाढलेली. तोंडावर मास्क. एकावर एक दोन. माझ्या टेबलासमोर थांबून काहीतरी बोलले. दोन वाक्यं असावीत. भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. मी म्हटलं, अण्णा, कळलं नाही. त्यांनी मास्ककडं हात नेला, थांबले. काढला नाही. मान हलवून गेले.

काय बोलले असतील? शिवी असेल, माफी असेल, नाहीतर नुसतं बरं हाय ना. आता ऑफिसात मला कुणाचंच कळत नाही.

८ जुलै, गुरुवार
सुलभाताई आमच्या घरी आल्या होत्या. एकट्या, रिक्षानं. मी दारातच खुर्ची टाकली. त्या लांब बसल्या, मास्क काढला, तोंडाला पावडर लावलेली नव्हती, ओठ कोरडे पडले होते. हळू बोलतात म्हणून पहिल्यांदा सगळं कळलं नाही. परत म्हणाल्या.

"पथकात तुमचं नाव ह्यांनी घातलं. मी सही केली. मला वाटलं, बाई हाय, बाजारात बायकांशी नीट बोलंल. पुढचं मला म्हाईत नव्हतं."

विचारलं, माझ्या रिपोर्टची चौकशी लागली तर हे सांगाल का?

त्यांनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "माझा नवरा माझ्यासाठी दारोदार फिरला वो." उठल्या. चहा घ्या म्हटलं, नको म्हणाल्या. रिक्षात बसताना मास्क लावला, आणि मग काही बोलल्या का नाही, ते सांगता येणार नाही.

१७ सप्टेंबर, शुक्रवार
झेंडावंदन. मुक्तिसंग्राम दिन. अण्णांचं भाषण, मास्क लावून. भाषणात म्हणे सगळ्यांना मास्क लावा म्हणून हात जोडले. गौतमनं सांगितलं. लोक हसले नाहीत असंही सांगितलं.

चौकशीचं काहीच नाही. खुलासा दिला त्याला चार महिने झाले. मी दाखल्याच्या खिडकीवर. सीओंनी शेवटी काच बसवून दिली. न सांगता, एका रविवारी. सोमवारी आले तर खिडकीला काच, बाहेर पाटी: दिव्यांग कर्मचारी, काचेपलीकडे मास्क खाली करून बोलावे. पाटीवरचं अक्षर त्यांचंच वाटलं. आभार मानायला गेले. ते फाइलमध्ये बघत राहिले.

२ एप्रिल २०२२, शनिवार
गुढीपाडवा. आजपासून सरकारनं मास्कची सक्ती काढली. लावायचा त्यानं लावावा. बाजारात सगळ्यांची तोंडं. केवढी तोंडं! कुणाचे दात पडलेत, कुणी दाढी ठेवली, खतवाला जाड झाला. डोळे दुखले बघून बघून. पेढेवाल्यानं दोनदा विचारलं, "काय पायजे ताई," आणि मी उगीचच दोनदा विचारू दिलं.

लातूरहून पत्र आलं आहे. माझ्या रिपोर्टवर सहा तारखेला सुनावणी. सुनावणी! गौतम म्हणाला, शब्द तरी दुसरा काढायचा होता सरकारनं.

४ एप्रिल, सोमवार
दोन माणसं भेटून गेली.

आधी मिलिंदभाऊ. म्हणाला, "वैनी, सीओ पण हो म्हणला असंच लिहा. नुसतं अण्णाचं नाव घेतलं तर काई व्हनार न्हाई, तेला नोकरी न्हाई, तो काय सरकारी मानूस हाय? अडकंल तर सीओ अडकंल." मी म्हटलं, सीओ काय बोलले ते मला दिसलं नाही. तो म्हणाला, पथकाची ऑर्डर कुणी काढली? रिपोर्ट कुणी दाबला? मग केबिनमध्ये नाही म्हणला असंल का?

त्याचं बोलणं चुकीचं नाही. रिपोर्ट उलटा ठेवलेला मी डोळ्यांनी बघितला.

ऑफिस सुटताना सीओ. त्यांच्या टेबलाशी उभं केलं, मास्क नव्हता. एवढ्या जवळून पहिल्यांदाच त्यांचं आख्खं तोंड बघितलं, हनुवटीवर लहानपणीची जखम आहे. म्हणाले, "मॅडम, मी त्या दिवशी त्यांना विरोध केला होता. हे योग्य नाही असंच मी म्हणालो. तुम्ही एवढं सांगितलं तर माझी नोकरी वाचेल."

खरं असेल. खोटं असेल. ओठ दोन्ही वेळेला सारखेच हलतात.

म्हटलं, बघते.

गौतमला विचारलं, तू काय करशील. तो म्हणाला, काच बसवून दिली ना त्यांनी. मग म्हणाला, पण नोटीसपण त्यांनीच दिली. मग म्हणाला, मला कशाला विचारतीस.

६ एप्रिल, बुधवार
लातूर. गौतमनं रजा घेतली, सोबत आला, बाहेर बाकावर बसला.

चौकशी अधिकारी वयस्कर. आख्ख्या ऑफिसात त्यांच्या एकट्याच्या तोंडावर मास्क. काहीतरी विचारलं. मी कान दाखवला. त्यांनी मास्कला हात लावला, थांबले. टेबलावरच्या चिठ्ठीवर लिहिलं: घरी पत्नीची केमोथेरपी चालू आहे, मला काढता येणार नाही. क्षमस्व.

मास्क लावा म्हणून मी गावभर फिरलेली बाई. मी लिहिलं, काढू नका साहेब. लिहून विचारा.

सीओ माझ्या उजवीकडं बसले होते. सुलभाताईंची खुर्ची होती, रिकामी. अण्णांना बोलावलंच नव्हतं.

पहिला प्रश्न: तुम्हाला ऐकू येत नसताना हे संभाषण कसे कळले?
लिहिलं: ऐकलं नाही. पाहिलं.

त्यांनी ते बराच वेळ वाचलं. तीनच शब्द, पण वाचलं. माझ्याकडं बघितलं, परत कागदाकडं.

दुसरा प्रश्न: त्यावर मुख्याधिकारी काय म्हणाले?

सीओंनी मान खाली घातली. मिलिंदभाऊ डोळ्यासमोर आला, उलटा ठेवलेला रिपोर्ट आला, खिडकीची काच आली. पेन बराच वेळ कागदावर टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका पडला.

लिहिलं: माहीत नाही. त्यांनी मास्क लावला होता.

साहेबांनी कागद फाइलला लावला. पुढची तारीख कळवतो असं लिहिलं. सीओ उठून गेले, माझ्याकडं न बघता.

बाहेर गौतमनं विचारलं, काय झालं. म्हटलं, तारीख. तो म्हणाला, काय लिहिलंस? मी सांगितलं. तो बाकावरून उठला, पँट झटकली, काहीतरी बोलला. पण तोंड रस्त्याकडं होतं. परत विचारलं नाही. गाडी लागली होती निलंग्याची, आम्ही मागच्या सीटवर बसलो.